मोटरहोममधली व्हिनाइलची कपाटं रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, आतली कपाटं दिसतात लाकडाची, पण हाताला लागतं ते बहुतेक वेळा लाकूड नसतं. आत पातळ प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्ड, आणि त्यावर कारखान्यातच चिकटवलेलं, लाकडाच्या रेषा छापलेलं व्हिनाइल. गाडी हलकी राहावी, पुसायला सोपी जावी म्हणून हे केलेलं असतं. काही वर्षांनी तो तपकिरी रंग नकोसा होतो, गाडी आतून अंधारी वाटू लागते आणि रंगाचा विचार सुरू होतो.

आमच्या गाडीची कपाटं मी दोनदा रंगवली. पहिल्या वेळचा रंग वर्षभरही टिकला नाही, दुसऱ्या वेळचा अजून जागेवर आहे. दोन्ही वेळा रंग एकाच प्रकारचा होता. फरक होता तो डबा उघडण्याआधीच्या आणि शेवटचा हात दिल्यानंतरच्या दिवसांत. म्हणून खालची बरीचशी उत्तरं रंगापेक्षा त्या दिवसांबद्दल आहेत.

व्हिनाइलवर रंग खरंच बसतो का?

बसतो, पण आपसूक बसत नाही. लाकडाला छिद्रं असतात. रंग त्यांत थोडा झिरपतो आणि सुकल्यावर तिथे अडकून राहतो. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक. ते काही शोषून घेत नाही. त्यावरचा रंग नुसता वर पसरलेला असतो, आणि त्याला धरून ठेवायला आपण जे तयार करू तेवढंच असतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचिक व्हावं म्हणून त्यात मऊपणा आणणारी तेलकट द्रव्यं मिसळतात. ही द्रव्यं वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि वरचा रंग आतून मऊ करतात. ऑइल पेंटला याचा त्रास जास्त होतो. असा रंग महिनोन्‌महिने चिकट राहतो, बोट लावलं की ठसा उमटतो. कपाटांवरचं व्हिनाइल बहुधा कडक जातीचं असतं, त्यामुळे तिथे ही अडचण कमी येते. पण काही गाड्यांत भिंतींवर आणि छताला फोम लावलेलं मऊ, दाबलं की दबणारं व्हिनाइल असतं. कपाटांचा रंग उरला म्हणून त्यालाही मारून टाकू नका. त्याची चाचणी वेगळी घ्या.

माझ्या कपाटावर व्हिनाइल आहे, कागद आहे की लाकूड, हे कसं ओळखायचं?

दार उघडा आणि आतल्या बाजूला, बिजागरीसाठी पाडलेल्या खाचेची कड बघा. तिथे थर उघडे दिसतात. पातळ, किंचित ताणला जाणारा पापुद्रा असेल तर ते व्हिनाइल. नखाने उचलला की तंतू सुटून फाटत असेल तर तो छापील कागद. आतपर्यंत एकच रंग आणि खऱ्या रेषा दिसल्या तर लाकूड.

कुठे कड सुटलेली नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडंसं खरवडून तिथे पाण्याचा थेंब ठेवा. खरवडलेला भाग ओला होऊन गडद झाला तर कागद असण्याची शक्यता जास्त. थेंब तसाच गोल बसून राहिला तर व्हिनाइल. ही ओळख पटवून घेणं महत्त्वाचं आहे, कारण कागदाला फार पाणी चालत नाही आणि फार घासणंही सोसत नाही.

एकाच गाडीत तिन्ही सापडू शकतात. दारांच्या चौकटी खऱ्या लाकडाच्या, मधली फळी कागदाची आणि कपाटाचा सांगाडा व्हिनाइलचा, अशी सरमिसळ नेहमीची आहे. एक दार तपासून सगळ्या गाडीचा निष्कर्ष काढू नका.

आणि ओळखण्यासाठी अॅसिटोन किंवा थिनर चोळून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. अॅसिटोनने पीव्हीसी फुगतं आणि मऊ पडतं. तो डाग मग रंगाखालूनही जाणवतो.

व्हिनाइल सोलून काढलं आणि खालचं लाकूड रंगवलं तर?

मोह होतो खरा, पण बहुतेक वेळा हातात निराशाच येते. खालचं प्लाय बऱ्याचदा जेमतेम ३ मिलिमीटर जाड असतं. व्हिनाइल ओढलं की त्याबरोबर प्लायचे तुकडेही निघतात, मागे डिंकाचे चिकट पट्टे राहतात, आणि जे सपाट होतं ते लांबी (पुट्टी) भरून पुन्हा सपाट करावं लागतं. जिथे व्हिनाइल घट्ट बसलेलं आहे तिथे ते राहू द्या. तुमच्या रंगासाठी तो तयार, सपाट पाया आहे.

जिथे सुटलंय तिथे मात्र आधी त्याचा बंदोबस्त करा. रंग व्हिनाइलला धरून असतो आणि व्हिनाइल लाकडाला. मधली पकड सुटली की वरचा रंग कितीही चांगला असो, सगळं मिळून खाली येतं. सुटलेली कड असेल तर हेअर ड्रायरने हलकी ऊब द्या, व्हिनाइल नरम पडलं की मागची धूळ झटकून कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह लावा आणि लाकडी ठोकळ्याने दाबत न्या. मध्येच फुगा आला असेल तर धारदार पात्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने छोटी चीर द्या, सिरिंजने आत लाकडाचा पांढरा डिंक सोडा, वर प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजन ठेवा. आकसून लहान झालेली कड ओढून पुरवण्याचा प्रयत्न करू नका. सैल भाग कापून टाका, तिथे लांबी भरा आणि घासून समतल करा. रंगाखाली ते दिसत नाही.

एका कपाटाचा तळ फुगलाय, डाग पडलेत. त्यावर रंग मारला तर चालेल का?

नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. छतावरची खिडकी, पंख्याची चौकट, बाहेरच्या दिव्यांचे स्क्रू, भिंत आणि छताचा सांधा, सिंकखालचा पाइप हे सगळं बघा. अंगठ्याने दाबून बघा. बोट आत जात असेल तर तो भाग कुजलाय आणि बदलायलाच हवा. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी पूर्वीसारखा बसत नाही. वाळून कडक झालेला जुना डाग असेल आणि गळती खरोखर बंद झाली असेल, तर डाग अडवणारा शेलॅक (लाखेचा) प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, त्यावर चालतो.

धुवायचं कशाने आणि किती?

मी पहिल्यांदा चुकलो ते इथेच. कपाटं मला स्वच्छ दिसत होती. ओल्या फडक्याने पुसली, वाळू दिली आणि कामाला लागलो. शेगडीच्या वरच्या कपाटावर रोलर फिरवला तेव्हा रंग ठिकठिकाणी मागे सरकला आणि बारीक गोल खळगे पडले, प्रत्येकाच्या मधोमध जुना तपकिरी ठिपका उघडा. रंगकाम करणारे याला माशाचे डोळे म्हणतात. तेल, मेण किंवा सिलिकॉन असलेल्या पॉलिशचा अंश खाली राहिला की हे होतं. गाडीत वर्षानुवर्षं फर्निचर पॉलिशचा फवारा मारला असेल तर तो अंश सगळीकडे असतो, स्वयंपाकाच्या जागेपासून लांबच्या कपाटांवरही.

दुसऱ्या वेळी त्याच दाराच्या खालच्या कडेवरून नख फिरवलं, तर नखाखाली पिवळट, मेणासारखा थर जमा झाला. डोळ्यांना तो दिसतच नव्हता, व्हिनाइलच्याच रंगाचा होऊन बसला होता.

त्यामुळे दोन बादल्या घ्या. एकीत तेलकटपणा काढणारं क्लीनर, दुसरीत नुसतं साधं पाणी. आधी क्लीनरने घासा, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, कारण क्लीनरचा अंश मागे राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. सगळ्यांत जास्त मेहनत मुठींच्या भोवती, शेगडीच्या वर, आणि हाताने ढकलून दार बंद होतं त्या कडांवर घ्या. शेवटी कोरडं पांढरं फडकं फिरवा. त्यावर पिवळं काही आलं तर पुन्हा धुवा. आणखी एक खूण: मास्किंग टेपचा तुकडा लावून बघा. तो नीट चिकटत नसेल तर रंगही नीट चिकटणार नाही.

फडकं पिळून वापरा. बोर्डच्या उघड्या कडा पाणी पितात आणि फुगतात. धुतल्यावर एक पूर्ण दिवस वाळू द्या, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी धुणं, मग घासणं. न धुता पॉलिश पेपर फिरवला तर तेलकटपणा ओरखड्यांत दाबला जातो आणि मग निघता निघत नाही.

पॉलिश पेपर लागतोच का? काही प्रायमरवर "घासण्याची गरज नाही" असं लिहिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर घासाच. २२० नंबरचा पेपर, हलका हात. हेतू एवढाच की चकाकी जावी आणि पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसावा. व्हिनाइलचा थर मिलिमीटरचाही नसतो, तो उतरवायचा नाहीये. छापलेल्या रेषा पुसट होऊन खाली वेगळाच रंग दिसू लागला की थांबा. कागदाचं आवरण असेल तर दोन-चार हलके फटकारे पुरे. खोबणीत आणि नक्षीत पेपर जात नाही. तिथे घासणी वापरा.

टॉर्च तिरका धरून बघा. जिथे अजून चमकतंय ती जागा राहिली आहे.

ही पीव्हीसीची धूळ आहे, जुन्या गाडीत त्यात आणखी काय असेल सांगता येत नाही. एन ९५ मास्क लावा, शक्य असेल तिथे पेपर ओला करून घासा, आणि धूळ व्हॅक्यूमने उचलून मग ओलसर मायक्रोफायबरने पुसा. झाडूने उडवली तर गाडीसारख्या छोट्या जागेत ती पुन्हा ओल्या रंगावरच येऊन बसते.

प्रायमर कोणता घ्यावा?

इथे काटकसर करू नका. वरच्या रंगात तडजोड एक वेळ चालेल. भिंतीचा साधा प्रायमर उपयोगाचा नाही. तो शोषून घेणाऱ्या पृष्ठभागासाठी असतो. डब्यावर प्लास्टिक, पीव्हीसी, टाइल, काच अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर धरतो असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. याला बाँडिंग प्रायमर म्हणतात.

यात मुख्यतः दोन प्रकार कामाचे. पहिला, पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक-युरेथेन बाँडिंग प्रायमर. वास कमी, सुकल्यावर थोडा लवचिक राहतो, आणि व्हिनाइलही ऊनथंडीत थोडं फुगतं-आकसतं, म्हणून दोघांचं जमतं. गाडीच्या कपाटांसाठी मी हाच निवडतो. दुसरा, शेलॅकचा. तो जवळपास कशावरही धरतो, डाग आणि जुना वास अडवतो, तासाभरात दुसरा हात देता येतो. पण सुकल्यावर ठिसूळ होतो आणि त्यातलं अल्कोहोल ज्वलनशील असतं. डागाळलेल्या भागापुरता तो उत्तम. वाकणाऱ्या, हलणाऱ्या पातळ फळ्यांवर सगळीकडे मारायला मी तो घेत नाही.

ऑइल बेस प्रायमर व्हिनाइलवर टाळा, कारण वर सांगितलं तेच.

प्रायमरचा पहिला हात पातळ द्या. खालचं तपकिरी दिसत राहिलं तरी चालेल. झाकणं हे त्याचं काम नाही, धरणं हे काम आहे. दुसरा हात दिल्यावर लगेच रंगाकडे वळू नका; बऱ्याच बाँडिंग प्रायमरची पकड काही दिवसांत वाढत जाते. रात्र जाऊ द्या, मग नखाने ओरखडा काढून बघा. पापुद्रा निघाला तर अजून थांबा.

सगळी गाडी रंगवण्याआधी रंग धरतोय की नाही हे कसं कळेल?

एकच दार घ्या, त्याची आतली बाजू किंवा सिंकखालचं दार. त्यावर धुणं, घासणं, प्रायमर, रंग, सगळं अगदी ठरवलं आहे तसंच करा. एक आठवडा थांबा. मग धारदार पात्याने रंगाच्या थरातून आरपार, २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा. छोटी जाळी तयार होईल. त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. रंग तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही हीच पद्धत असते, फक्त त्यांची हत्यारं नेमकी असतात.

पट्टीवर फक्त रेघांच्या छेदावरचे कण आले तर निर्धास्तपणे पुढे जा. चौकोनच्या चौकोन आले तर थांबा. माझ्या पहिल्या वेळच्या रंगाला ही चाचणी मी उशिरा लावली, सगळी कपाटं झाल्यावर. पट्टी ओढली आणि सापाची कात निघावी तसा बोटभर रुंद पट्टा प्रायमरसकट उठून आला. खालचं व्हिनाइल स्वच्छ, चकचकीत, जणू त्यावर कधी काही लागलंच नव्हतं. आठवडाभर थांबून एक दार वाया घालवणं त्यापेक्षा फार स्वस्तात पडलं असतं.

वरचा रंग कोणता? भिंतीचा इमल्शन उरलाय, तो चालेल का?

भिंतीचा रंग कपाटांवर नको. तो सुकल्यावरही मऊ राहतो. दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले आणि वर उष्णता असली की ते चिकटतात. बंद गाडी उन्हात उभी असते तेव्हा आत भट्टी होते, आणि प्रवासात दारं कडी लावून घट्ट दाबलेली असतात. म्हणजे चिकटण्यासाठी हवी ती परिस्थिती आयती तयार असते.

पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. अॅक्रिलिक-युरेथेन किंवा वॉटर बेस अल्कीड म्हणून तो मिळतो, कपाटं आणि दारांसाठीच बनवलेला असतो आणि सुकून कडक होतो. वॉटर बेस अल्कीड छान सपाट पसरतो, ब्रशच्या रेघा दिसत नाहीत, पण दोन हातांमध्ये जास्त वेळ मागतो. ऑइल इनॅमल कडक होतो खरा, पण पांढरा रंग पिवळा पडतो आणि वासाने गाडीत बसवत नाही.

चॉक पेंटबद्दल, म्हणजे खडूसारख्या मॅट दिसणाऱ्या रंगाबद्दल, खूप विचारणा होते. तो धरल्यासारखा दिसतो, सुकल्यावर मखमली दिसतो, पण नखाने ओरखडतो. वर वॉर्निश दिला तरी खालची पकड जेवढी आहे तेवढीच राहते. शोभेच्या वस्तूला ठीक. दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या दाराला नाही.

चकाकी मध्यम ठेवा, सॅटिन किंवा सेमी ग्लॉस. अगदी मॅट रंगावर बोटांचे डाग बसतात आणि पूर्ण चकचकीत रंगात व्हिनाइलवरची उठावाची नक्षी, जुने खळगे, सगळं उघडं पडतं. गडद रंग आवडत असेल तर मोठ्या खिडकीला लागून असलेल्या कपाटांपुरता तरी पुन्हा विचार करा. गडद पृष्ठभाग उन्हात जास्त तापतो, आणि खालचा डिंक आधीच जुना असतो.

गाडीच्या आत काम करताना काय जपायचं?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, पण उत्तर सगळ्यांत आधी वाचण्यासारखं आहे. घराच्या खोलीपेक्षा मोटरहोम फार लहान असतं आणि त्यात गॅस असतो. शेलॅक, थिनर, कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह यांची वाफ पेट घेते. काम सुरू करण्याआधी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा. गॅसवर चालणारा फ्रिज, पाणी तापवणारा गीझर, हीटर यांच्या छोट्या ज्योती विझल्या आहेत का ते स्वतः बघा. फ्रिज आपोआप गॅसवर जाणारा असेल तर तो पूर्ण बंद करा. विजेची ठिणगी पडेल असं काहीही वाफ असताना चालू-बंद करू नका.

गॅस गळतीचा अलार्म रंगाच्या वाफेनेही वाजतो. म्हणून तो काढून फेकू नका. काम संपलं, गाडी पूर्ण हवेशीर झाली की तो चालतोय ना हे बघूनच गॅस पुन्हा उघडा. आणि रंगाच्या वासात त्याच रात्री गाडीत झोपू नका, लहान मुलं बरोबर असतील तर मुळीच नाही.

एन ९५ मास्क धुळीसाठी असतो, वाफेसाठी नाही. सॉल्व्हंट (थिनर, शेलॅकसारखं काही) वापरणार असाल तर वाफ गाळणाऱ्या ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क लागतो. पाण्याचे प्रायमर आणि रंग घेण्याचं हे आणखी एक सबळ कारण.

दारं काढून रंगवावीत की जागेवरच?

काढून. आडवी ठेवलेल्या दारावर ओघळ येत नाहीत, आणि गाडीतली हालचालीची जागाही मोकळी राहते. आधी सगळ्या कपाटांचे फोटो काढा. प्रत्येक दाराला नंबर द्या. तो नंबर बिजागरीच्या ३५ मिलिमीटरच्या गोल खाचेत पेनने लिहा आणि त्यावर टेप लावा. तिथे रंग जायचाच नसतो. तोच नंबर सांगाड्यावर, बिजागरीच्या जागी. प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या पिशवीत. वरवर सारखी दिसणारी दारं अदलाबदल झाली की एकही नीट बसत नाही, कारण गाडीत प्रत्येक फट थोडी वेगळी असते.

स्क्रू काढताना काही भोकं सैल झालेली सापडतील. पार्टिकल बोर्डमध्ये आणि रस्त्याच्या हादऱ्यांत हे होतंच. लाकडाच्या बारीक काड्या डिंकात बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर कापा, आणि स्क्रू पुन्हा बसवा. जाड स्क्रू घुसवू नका, फळी फुटते.

ब्रश, रोलर की फवारा?

१०० मिलिमीटरचा फोमचा किंवा अगदी बारीक लवीचा रोलर, आणि खोबणीसाठी चांगला सिंथेटिक ब्रश. आधी खोबणी ब्रशने, लगेच सपाट भाग रोलरने, शेवटी एकाच दिशेने अगदी हलका हात. अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा फिरायला गेलात की तिथे चट्टा पडतो. राहिलेली जागा पुढच्या हातात भरून निघेल, तोवर तिला हात लावू नका.

फवाऱ्याने दारं सुंदर होतात, पण बाहेर, गाडीपासून लांब. आतला सांगाडा फवाऱ्याने करायचा तर आसनं, काचा, छत, जमीन, डॅशबोर्ड सगळं झाकावं लागतं, आणि त्या झाकण्यात जाणाऱ्या वेळात रोलरने दोन हात देऊन होतात.

हवेकडे लक्ष द्या. साधारण १० ते ३० अंश सेल्सिअस आणि दमटपणा फार नाही, असा दिवस बरा. संध्याकाळी गाडीचा पत्रा गार पडतो आणि आत दव धरतं. त्यामुळे शेवटचा हात दुपारच्या आत उरका.

सुकायला किती वेळ? दुसऱ्या दिवशी दारं लावली तर?

सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. हाताला कोरडा लागणारा रंग आतून अजून कोवळा असतो. पाण्यातले इनॅमल पूर्ण पक्के व्हायला साधारण ३० दिवस घेतात, थंडीत त्याहून जास्त. इतके दिवस दारं बाहेर ठेवणं शक्य नसतं हे मान्य. पण किमान पाच-सहा दिवस ठेवा, आणि लावल्यावर जिथे दार सांगाड्याला टेकतं तिथे छोटी पारदर्शक रबरी बटणं चिकटवा. रंगाला रंग लागू द्यायचा नाही.

आम्ही पहिल्या वेळी तिसऱ्याच दिवशी दारं लावून निघालो होतो. दुपारी गाडी उन्हात होती. संध्याकाळी वरचं कपाट उघडायला गेलो तर उघडेना. जोर लावल्यावर कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि दाराच्या कडेचा रंग सांगाड्याला चिकटून राहिला. तो कोपरा मी नंतर तीनदा दुरुस्त केला, तरी बोट फिरवलं की खाच लागायची.

पहिला महिनाभर नुसत्या ओलसर फडक्याने पुसा. क्लीनर नको. प्रवासात दारं बंद ठेवावीच लागतात, पण गाडी उभी असेल तेव्हा ती थोडी उघडी ठेवा.

रंगाने दारं घट्ट होतात का? वजन वाढतं का?

फटी आधीच अरुंद असतील तर होतात. कडांवर दोन पातळ हातांपेक्षा जास्त देऊ नका आणि बिजागऱ्यांचे स्क्रू थोडे फिरवून दार पुन्हा जुळवा. वजनाची काळजी नको. एक लिटरमध्ये १० ते १२ चौरस मीटरचा एक हात होतो आणि त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं. सगळ्या कपाटांचा सुकलेला रंग काही किलोच भरेल.

वर वॉर्निश हवा का?

चांगला इनॅमल वापरला असेल तर नको. जेवढे थर जास्त, तेवढी सुटायची ठिकाणं जास्त. टेबलाच्या पृष्ठभागासारख्या फार घासल्या जाणाऱ्या जागी पाण्यातलं पॉलियुरेथेन द्या. ऑइलचं पांढऱ्यावर पिवळं दिसतं.

काय अजिबात रंगवू नये?

गॅसच्या आणि विजेच्या सूचना लिहिलेल्या पट्ट्या, गाडीची माहितीची पाटी, आपत्कालीन खिडकीवरची खूण. फ्रिज आणि हीटरच्या हवेच्या जाळ्या: त्यांची भोकं रंगाने बुजली तर हवा अडते. धुराचा आणि गॅसचा अलार्म. बिजागऱ्या, दाबून उघडणाऱ्या कड्या, रबरी पट्ट्या. शेगडीला अगदी लागून असलेली, हात लावला तर चटका बसेल इतकी तापणारी फळी असेल तर तिथे रंगाऐवजी धातूचा पत्रा बसवणं बरं.

कुठे खरवडलं तर दुरुस्ती कशी करायची?

रंग संपवू नका. एका छोट्या काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून आणि झाकण घट्ट लावून, थोडा बाजूला ठेवा. बरणीवर रंगाचं नाव, क्रमांक आणि तारीख लिहा. ती घरात ठेवा, गाडीत नाही. पाण्यातला रंग गोठला की फाटतो आणि पुन्हा नीट मिसळत नाही, आणि उन्हातल्या गाडीत तो घट्ट होऊन बसतो.

ओरखडा नुसता वरचा असेल तर ती जागा धुवा, बारीक पेपरने कड मऊ करा आणि छोट्या ब्रशने दोन पातळ हात द्या. खालचं व्हिनाइल दिसत असेल तर तेवढ्या ठिपक्यापुरता आधी प्रायमर लागेल. आणि पापुद्रा सुटायला लागला असेल तर त्याच्या भोवतीचा सैल रंग आधी पूर्ण काढा, चिकटपट्टी लावून ओढत राहा. पट्टीवर काही येईनासं झालं की तिथून पुढचा रंग पक्का आहे. दुरुस्ती त्या कडेपासून सुरू करा.